पायाच्या शिरा पुन्हा फुगल्या? दुसऱ्या ऑपरेशनआधी एवढं विचारा

"शिरांचं ऑपरेशन केलं, पैसे गेले, मजुरी बुडाली आणि काही वर्षांत शिरा परत फुगल्या. आता पुन्हा ऑपरेशन करायचं का?" वस्तीवस्तीत आम्हाला हा प्रश्न विचारला जातो. विचारणारे बहुतेक दिवसभर उभ्याने राबणारे: झाडूकाम करणाऱ्या बाया, हॉटेलातले कामगार, वॉचमन.

पायातलं रक्त वर चढतं, ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त साचतं, शीर फुगते. ऑपरेशनमध्ये ती शीर बांधतात किंवा ओढून काढतात. पण दुखणं तिथेच संपत नाही. पुढे दुसऱ्या शिरेच्या झडपा जातात, एखादी फांदी मागे राहिलेली असते, किंवा जांघेत बांधलेल्या जागी नव्या बारीक शिरा फुटतात. म्हणून दोष स्वतःला देऊ नका.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या 133 पायांचा 11 वर्षांपर्यंत मागोवा घेतला. 83 पायांत शिरा परत दिसल्या. मात्र ज्यांची शीर नुसती बांधली होती, अशा 69 पायांपैकी 20 पायांनाच पुन्हा ऑपरेशन लागलं. शीर काढूनही टाकली होती, अशा 64 पैकी फक्त 7 पायांना. म्हणजे शीर दिसली की लगेच ऑपरेशन, असं नाही.

जांघेतलं दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. आत जुना व्रण घट्ट झालेला असतो. जखम चिघळणं, पाणी झिरपत राहणं, बधिरपणा यांचा धोका वाढतो. म्हणून जिथे जमेल तिथे आता जांघ न उघडता लेसरने किंवा फेसाच्या इंजेक्शनने शीर बंद करतात. यानंतरही शिरा पुन्हा येऊ शकतात.

मग करायचं कधी? पाय जड होऊन काम होत नसेल, शिरेतून रक्त गेलं असेल, घोट्याजवळची कातडी काळी-कडक पडली असेल किंवा जखम होत असेल, तर. इंग्लंडमध्येच अशा जखमांच्या 500 रुग्णांवर अभ्यास झाला. नुसत्या घट्ट पट्टीवर असलेल्यांपैकी 56 टक्क्यांना चार वर्षांत जखम परत झाली. पट्टीसोबत शिरांचं ऑपरेशन झालेल्यांत 31 टक्क्यांना.

डॉक्टरांना हे विचारा:
- उभं करून कलर डॉपलर केलं का? रक्त नेमकं कुठून उलटं येतंय?
- पायाच्या आतल्या मोठ्या शिरा मोकळ्या आहेत का?
- जांघ न उघडता होईल का?
- यातून माझा कोणता त्रास कमी होईल?

पहिल्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या. सरकारी योजनेत हा उपचार बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. घट्ट मोजे डॉक्टरांनी पायाची नाडी पाहिल्यावरच घाला, मधुमेह असेल तर विशेष जपा. बसल्यावर पाय उंच ठेवा, रोज चाला.

शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय वर धरा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी दाखवा. सकाळची वाट पाहू नका.