क्षणाचा घोळ, दिवसाचा हेलपाटा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तो राज्यकारभार जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांजवळ यावा म्हणून. परंतु कारभार आता केवळ इमारतीत राहिलेला नाही, तो संगणकाच्या तारेत आहे. शिधापत्रिका असो, दाखला असो वा बँकेतील मजुरी, तालुक्याचा कारकून दूरच्या सर्व्हरशी जोडला गेल्याशिवाय काम हलत नाही. सार्वजनिक तारेतून असा खाजगी, कुलूपबंद मार्ग काढण्याच्या व्यवस्थेला व्हीपीएन म्हणतात.

हे कुलूप कसे निसटते, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. २००१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ओपनव्हीपीएन ही जगभर वापरली जाणारी, विनामूल्य प्रणाली. तिच्या २.४ मालिकेत २०२० साली एक दोष उघड झाला. ग्राहक जोडला जाऊ लागला की सर्व्हर त्याला आधी क्रमांक देतो. त्याच्या सांकेतिक किल्ल्या थोड्या वेळाने तयार होतात. मधल्या काही क्षणांत दुसऱ्याच कोणी तोच क्रमांक घालून संदेश धाडला, तर तो तपासण्यास किल्लीच नसे. ‘तपासण्यासारखे काही नाही, म्हणून हरकत नाही’ असा शेरा सर्व्हर मारी, ग्राहकाचा पत्ता बदलला असे समजे आणि खऱ्या ग्राहकाची जोडणी तुटे. गुपिते चोरीस जात नसत, काम मात्र थांबे. कचेरीत वावरणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही: नोंदवहीत नाव चढले, पण ओळख पटायची आहे, आणि तेवढ्यात दुसराच त्या नावावर उभा राहतो.

२.४.९ या आवृत्तीत हा दोष दूर झाला. दुरुस्ती फुकट होती, परंतु ती बसविणे फुकट नसते. त्यासाठी माणूस लागतो, वेळ लागतो आणि ते काम कोणाच्या तरी अंगावर असावे लागते. अर्थशास्त्राचा प्रश्न येथेच उभा राहतो. दुरुस्ती लांबविली तर कचेरीच्या हिशेबात एक पैसाही खर्ची पडत नाही. खर्च पडतो तो पाड्यावरून एस.टी.चे भाडे भरून आलेल्या मजुरावर. ‘कनेक्शन नाही, उद्या या’ या चार शब्दांत त्याचा दिवस आणि रोज दोन्ही बुडतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायला निघालेल्या कुटुंबाला तर तो ‘उद्या’ सापडतच नाही. ज्याच्या वेळेला खतावणीत किंमत नाही, त्याच्याच वेळेतून आपण काटकसर करतो.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक तालुका कचेरीने आपली प्रणाली शेवटी कधी दुरुस्त झाली, ती तारीख फलकावर लावावी. जोडणी किती तास बंद होती, याची नोंद ठेवावी. आणि यंत्र बंद असेल त्या दिवशी अर्ज कागदावर घेऊन पोच द्यावी, म्हणजे दुसरा हेलपाटा नागरिकाचा न राहता कागदाचा होईल. ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मानला, त्याने मजुराच्या बुडालेल्या दिवसाचा हिशेब ठेवावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.