फोन कोणी कोणाला करायचा?

‘मिस्ड कॉल’ हे शब्द इंग्रजी असले, तरी त्यांचा खरा अर्थ आपण घडवला. भारतात येणारे कॉल मोफत झाले ते २००३ मध्ये. जाणाऱ्या कॉलचे पैसे मात्र मिनिटामिनिटाने कापले जात. तेव्हा एक रिंग देऊन फोन कट करायचा, ही घरोघरची रीत झाली. एका रिंगचा अर्थ ‘सुखरूप पोचलो’, दोन रिंगांचा अर्थ ‘खाली ये’, आणि पुन्हापुन्हा वाजली तर ‘माझ्याकडे बॅलन्स नाही, तू फोन कर’. या शेवटच्या अर्थात एक न बोललेला करार होता. ज्याच्या खिशात जास्त पैसे, त्याने उलटा फोन करायचा. गावाकडच्या आईने मुंबईच्या मुलाला मिस्ड कॉल द्यायचा आणि मुलाने लगेच फोन लावायचा, यात कोणालाच कमीपणा वाटत नसे.

सरकार आणि गरीब माणूस यांच्यात हा करार कधी झालाच नाही. तक्रार असेल तर गरिबाने करायची, हेलपाटे त्याने घालायचे, अर्जाची पोच त्याने जपून ठेवायची. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण थांबणाऱ्याच्या बाजूने जन्माला आली आहे. गेल्या वीसेक वर्षांत मोबाइल झोपडीपर्यंत पोचला, तेव्हा हे हेलपाटे संपतील अशी मोठी आशा जगभर निर्माण झाली. रेशन, पाणी, मजुरी, अनुदान, दवाखाना या सगळ्या सेवा फोनमुळे सुधारतील, असे मांडणारे प्रयोग आफ्रिकेपासून आशियापर्यंत झाले. काही फसले, काही साधले. ते शेजारी ठेवून पाहिले, की यंत्रापेक्षा एका साध्या प्रश्नाकडे लक्ष जाते: यात फोन कोणी कोणाला करायचा होता?

टांझानियातले ५३ संदेश

पूर्व आफ्रिकेतील टांझानियाच्या ग्रामीण भागात सार्वजनिक नळकोंडाळी आणि हातपंप मोठ्या संख्येने बंद पडलेले असत. दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या जिल्हा पाणी अभियंत्याला कोणता पंप बंद आहे याचा पत्ता नसे, किंवा पत्ता नसल्याची सबब त्याला सोयीची असे. ‘दराजा’ नावाच्या स्वयंसेवी संस्थेने यावर ‘माजी मातोने’ ही योजना आखली. स्वाहिली भाषेत या नावाचा अर्थ पाण्याचे थेंब. पंप बंद पडला की गावकऱ्याने एसएमएस करायचा, तो अभियंत्याकडे जाणार आणि प्रसारमाध्यमांतूनही त्याची चर्चा होणार. माहिती वर जाईल, लाज वाटेल, दुरुस्ती होईल, असा हिशेब होता.

प्रायोगिक टप्प्यात ३,००० संदेश येतील अशी अपेक्षा होती. आले ५३. संस्थेने २०११ मध्ये योजना थांबवली आणि आपले अपयश जाहीरपणे मांडले. विकासाच्या क्षेत्रात असा प्रामाणिकपणा दुर्मीळ असतो.

कारणे शोधताना जे हाती आले, ते आपल्या कोणत्याही तालुक्यात ओळखीचे वाटेल. पाणी भरायला बाया आणि मुले जातात, फोन मात्र पुरुषाच्या खिशात असतो. अनेक पंपांपाशी रेंज नाही. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे संदेश पाठवून काही होईल यावर लोकांचा विश्वासच नव्हता. वर्षानुवर्षे ज्या कार्यालयाने ऐकले नाही, ते आता एसएमएस वाचून धावत येईल असे का मानायचे? शिवाय तक्रार करणारा गावातल्या कोणाच्या तरी डोळ्यावर येतोच. संदेशाचे पैसे थोडे असतील, तक्रारीची किंमत थोडी नव्हती.

हुबळी आणि बंगळूरचे व्हॉल्वमन

दुसरा प्रयोग आपल्या शेजारचा आहे. हुबळी-धारवाडमध्ये बहुतेक वस्त्यांना काही दिवसांआड, काही तासच पाणी मिळे, आणि ते नेमके कधी येईल हे सांगता येत नसे. ‘नळ कधी येणार’ या एका प्रश्नापायी घरातल्या बाईची रोजची मजुरी बुडते, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांनाही सांगायला नको. २०११ च्या सुमारास ‘नेक्स्टड्रॉप’ या नवउद्योगाने इथे सेवा सुरू केली. कल्पना सुबक होती. भागाभागाचे पाणी सोडतो तो व्हॉल्वमन. त्याने चावी फिरवली की फोन करून कळवायचे, आणि त्या भागातल्या नोंदवलेल्या कुटुंबांना लगेच संदेश जायचा. पुढे ही सेवा बंगळूरमध्येही गेली.

बंगळूरमधल्या कामाची काटेकोर पाहणी तनू कुमार, ॲलिसन पोस्ट आणि ईशा रे या संशोधकांनी केली. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ आणि त्यासाठी होणारा खर्च यांत या सेवेने फारसा फरक पडला नव्हता. गरीब कुटुंबांची काळजी थोडी हलकी झाली, एवढाच दिलासा. माहितीचा प्रवास मध्येच कुठेकुठे गळत होता. संदेशाची सगळी मदार व्हॉल्वमनवर होती आणि तो प्रत्येक वेळी कळवतच होता असे नाही. कळवले, तरी संदेश घरातल्या पुरुषाच्या फोनवर पडे आणि तो कामावर. बादल्या घेऊन थांबलेल्या बाईला त्याचा उपयोग नसे.

व्हॉल्वमनच्या बाजूनेही पाहायला हवे. तो पाणीपुरवठ्याच्या उतरंडीतला सर्वांत खालचा माणूस. कडेवर लांब दांड्याची चावी, दिवसभर या गल्लीतून त्या गल्लीत फिरणे, आणि पाणी आले नाही की शिव्या खाणे हे त्याच्या नशिबी. फोन करण्याचे काम त्याच्या मूळ कामावर चढवलेले. त्याने ‘सोडले’ असे कळवावे आणि वीज गेल्याने पाणी चढू नये, म्हणजे खोटा तोच ठरणार. वरच्या अधिकाऱ्याला या व्यवस्थेत काहीच करावे लागत नव्हते.

झंगच्या अधिकाऱ्याने लावलेला फोन

पाकिस्तानी पंजाबातला झंग हा जिल्हा आपल्याला हीर-रांझाच्या हीरमुळे ठाऊक आहे. २००८ मध्ये तिथे झुबेर भट्टी हे जिल्हा समन्वय अधिकारी होते. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे हे पद. जमिनीच्या खरेदी-विक्रीची नोंद करताना कारकून लाच घेतात हे सर्वांना माहीत होते, पण तक्रार घेऊन कोणी येत नसे. भट्टी यांनी तक्रार खिडकी उघडली नाही. त्यांनी कारकुनांनाच हुकूम दिला की रोज झालेल्या व्यवहारांची यादी, भरलेली रक्कम आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांचे मोबाइल नंबर मला पाठवा. मग त्या यादीतले काही नंबर ते स्वतः फिरवू लागले: तुमचे काम झाले का, जास्तीचे पैसे कोणी मागितले का?

अधिकारी आपणहून फोन करतो, याचेच लोकांना आश्चर्य. आणि आपण पाठवलेल्या यादीतल्या कोणाला साहेब फोन लावतील याचा नेम नाही, हे कारकुनांना कळले. पुढे ही पद्धत पंजाब सरकारने प्रांतभर नेली. दवाखाना किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन आलेल्या माणसाला मुख्यमंत्री शाहबाज शरीफ यांच्या ध्वनिमुद्रित आवाजात फोन जाई आणि अनुभव विचारला जाई. त्या फोनमागे राजकीय प्रचाराचाही भाग होता, हे उघड आहे. पण दिशा बदलली होती. उलटा फोन सरकारने केला होता.

तेलंगणातले धनादेश

या युक्तीने खरोखर किती फरक पडतो, याचे मोजमाप तेलंगणात झाले. तिथल्या सरकारने २०१८ च्या खरिपात ‘रयतु बंधू’ योजना सुरू केली. जमिनीच्या मालकाला हंगामाला एकरी ४,००० रुपये. पहिल्या हंगामात ही रक्कम धनादेशाने द्यायची होती, आणि वाटप मंडल पातळीवरच्या कृषी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हायचे होते. शेतकरी ५७ लाख, रक्कम जवळपास एक अब्ज डॉलर. एवढ्या मोठ्या वाटपात काही धनादेश कार्यालयातच पडून राहणार, काही उशिरा पोचणार, हे ठरलेले.

कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस, संदीप सुखटणकर आणि जेफ्री वीव्हर या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारसोबत एक प्रयोग केला. राज्यातली काही मंडले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. तिथल्या अधिकाऱ्यांना एवढेच कळवले की तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांना फोन करून वाटप कसे झाले ते विचारले जाणार आहे. बाकी मंडलांत असे काही कळवले नाही. नंतर खरोखर फोन केले गेले.

ज्या मंडलांत हे कळवले होते, तिथे पैसे न मिळालेल्या शेतकऱ्यांची संख्या ७.८ टक्क्यांनी कमी झाली. जास्तीच्या पोचलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे खर्च आला सुमारे ३ रुपये ६० पैसे. ७.८ टक्के म्हणजे क्रांती नव्हे, हे मान्य. पण इथे नवी भरती झाली नाही, नवे ॲप आले नाही, शेतकऱ्याला स्मार्टफोन घ्यावा लागला नाही.

हे का साधले असावे? अधिकाऱ्याच्या कामाचा अहवाल एरवी तो स्वतःच वर पाठवतो. इथे ती साखळी ओलांडून थेट शेतकऱ्याकडे विचारणा होणार होती, आणि हजारोंपैकी कोणता शेतकरी फोन उचलेल हे अधिकाऱ्याला आधी कळणार नव्हते. शेतकऱ्याच्या बाजूनेही फरक होता. गावात राहून साहेबाविरुद्ध तक्रार करायला धाडस लागते. ‘धनादेश मिळाला का, कधी मिळाला’ याचे उत्तर द्यायला ते लागत नाही. आणि नंबर अनेकांना लागल्याने कोणाचे उत्तर अडचणीचे ठरले, हेही बाहेर कळत नाही.

फोटो काढणारा फोन

गरिबांच्या योजनांत मोबाइलचा सर्वाधिक वापर मात्र वेगळ्याच दिशेने झाला. महाराष्ट्राच्या रोजगार हमीतून ज्या कायद्याने प्रेरणा घेतली, त्या मनरेगाच्या कामांवर २०२१ पासून हजेरीचे एक ॲप आले. १ जानेवारी २०२३ पासून ते जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीचे झाले. मेटने दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा आणि ठिकाणाच्या नोंदीसह तो चढवायचा. रेंज मिळाली नाही, सर्व्हर अडकला, तर केलेल्या कामाची हजेरी धोक्यात. काम लवकर उरकलेल्या बायका दुसऱ्या फोटोसाठी ताटकळत बसत. भ्रष्टाचार रोखणे हा हेतू होता. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र पाठवून कळवले की असंबद्ध फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढला जात आहे, फोटोतली माणसे आणि हजेरीतली माणसे जुळत नाहीत. म्हणजे जाच प्रामाणिक मजुराला झाला आणि चोराने वाट काढली.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले, त्याचीही मुळे इथेच आहेत. फोन हलक्या दर्जाचे, सतत बिघडणारे, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत. तुटपुंज्या मानधनावरच्या या बायका दिवसातला मोठा वेळ माहिती वर पाठवण्यात घालवत होत्या. त्या माहितीच्या जोरावर वरून पोषण आहार वेळेवर आला का, हे त्यांना फोन करून कोण विचारत होते?

या दोन्ही ठिकाणी फोन खालच्या माणसावर नजर ठेवतो. झंग आणि तेलंगणात त्याच फोनने नजर वरच्या दिशेला वळवली. यंत्र एकच आहे.

यादीबाहेरचे

तरी तेलंगणाच्या प्रयोगाची एक मर्यादा डोळ्यांआड करता येणार नाही. ‘रयतु बंधू’चा लाभ जमिनीच्या मालकाला होता. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी त्यात नव्हता. त्यामुळे त्याला फोन जाण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारचा उलटा फोन यादीतल्या नंबरालाच लागतो, आणि सर्वांत गरीब माणूस बहुधा यादीबाहेर असतो. त्यात स्त्रियांचा मोठा भाग आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५४ टक्के होते, ग्रामीण भागात निम्म्याहूनही कमी.

यादीबाहेरच्यांसाठी एक वाट छत्तीसगडमध्ये शोधली गेली. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केले. गडचिरोलीपर्यंत बोलल्या जाणाऱ्या गोंडी भाषेला बातम्यांत जवळपास जागाच नव्हती. इथे साध्या फोनवरून आपल्या बोलीत निरोप ध्वनिमुद्रित करता येऊ लागला: हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, रेशन आले नाही. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. पुढे तर मिस्ड कॉल दिला की यंत्रणाच उलटा फोन करू लागली. निरोपाची शहानिशा झाली की तो सर्वांना ऐकण्यासाठी खुला होई. सांगणारा त्यातच संबंधित अधिकाऱ्याचा नंबर देई आणि ऐकणाऱ्यांना विनवी की या साहेबांना फोन करून आमच्याबद्दल विचारा. मग दूरच्या शहरांतले अनोळखी लोक त्या साहेबांना फोन लावत. काम झाले की तोच माणूस पुन्हा फोन करून ‘पंप सुरू झाला’ असे कळवी. हे प्रत्येक वेळी घडले नाही, पण अनेक वेळा घडले.

महाराष्ट्रात हे करायला फार काही लागणार नाही. रेशन दुकानाच्या, शिष्यवृत्तीच्या, पीकविम्याच्या याद्यांत मोबाइल नंबर आधीच आहेत. त्यातल्या थोड्या घरांना दर महिन्याला, कोणाला ते आधी न सांगता, फोन करता येईल. मराठीत, आणि गरज असेल तिथे गोंडीत, कोरकूत, भिलीत. घरातल्या बाईशी बोलू द्या, असा आग्रह धरून. दोनच प्रश्न: मिळाले का, आणि कधी मिळाले? उत्तरे तालुक्यावार जाहीर करायची. फोन करणारे कार्यालय मात्र वाटप करणाऱ्या खात्याच्या हाताखालचे नसावे. आणि शेवटी तिसरा प्रश्नही विचारावा: तुमच्या वस्तीत असे कोणी आहे का, ज्याचे नाव या यादीत यायला हवे होते?

या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सरकारला सर्वांत अडचणीची वाटतील. पण गरिबाचा मिस्ड कॉल कधीचा येऊन पडला आहे.