सब्लिमेशन छपाई : नफा ठरतो कोऱ्या मालावर

वाढदिवसाला छायाचित्र छापलेला चहाचा मग, गणेशोत्सवात मंडळाच्या नावाचे टी-शर्ट, कंपनीच्या वर्धापनदिनाला बोधचिन्ह असलेल्या स्टीलच्या बाटल्या. शहरांमध्ये अशा वस्तूंना आता बारमाही मागणी असते. ही मागणी पुरवणारे अनेक व्यवसाय घरातल्या एखाद्या खोलीत किंवा दहा बाय दहाच्या गाळ्यात चालतात. संगणक, सब्लिमेशन शाईचा प्रिंटर आणि हीट प्रेस एवढ्या सामग्रीवर धंदा उभा राहत असल्याने फोटो स्टुडिओवाल्यांपासून बचत गटांतील महिलांपर्यंत आणि नोकरी सांभाळून जोडधंदा करणाऱ्यांपर्यंत अनेकजण त्याकडे वळतात.

यंत्र कोणते घ्यावे, याची चौकशी ही मंडळी महिनोन्महिने करतात. ज्या वस्तूवर छापायचे ती कोठून आणायची, याचा विचार मात्र बहुधा यंत्र घरी आल्यानंतर सुरू होतो. वास्तविक यंत्राची खरेदी एकदाच होते. कोऱ्या मालाची खरेदी धंदा असेपर्यंत चालू राहते. शिवाय या छपाईत चूक दुरुस्त करता येत नाही. बिघडलेला मग पुसून पुन्हा वापरता येत नाही, की डाग पडलेला टी-शर्ट धुऊन कोरा होत नाही. त्यामुळे या व्यवसायातील नफा-तोटा यंत्रापेक्षा कोऱ्या मालाच्या निवडीवर अधिक अवलंबून असतो.

कापराचा गुणधर्म

उघड्या डबीत ठेवलेला कापूर हळूहळू नाहीसा होतो. तो वितळत नाही, थेट वायुरूप होतो. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत या क्रियेला ‘संप्लवन’ म्हटले आहे. सब्लिमेशन छपाई याच गुणधर्मावर आधारलेली आहे. विशिष्ट रंगद्रव्यांच्या शाईने चित्र प्रथम कागदावर उलटे छापले जाते. तो कागद वस्तूवर दाबून साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअस उष्णता दिली, की रंग वायुरूप होतो आणि पॉलिस्टरमध्ये शिरतो. वस्तू थंड झाली की तो तेथेच अडकतो. रंग पृष्ठभागावर चिकटलेला नसून आत मुरलेला असल्याने छपाई हाताला लागत नाही आणि नखाने खरवडून सहजी निघत नाही.

कोरा माल निवडण्याचे दोन मूलभूत नियम येथूनच निघतात. पहिला, वस्तू पॉलिस्टरची असली पाहिजे किंवा तिच्यावर पॉलिस्टरसारख्या पॉलिमरचा लेप असला पाहिजे. भांड्यांच्या दुकानातला साधा पांढरा मग कितीही चकचकीत असला तरी तो या कामास निरुपयोगी असतो. दुसरा, वस्तू पांढरी किंवा फिकट रंगाची हवी. ही शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा रंग नसतो. चित्रातील पांढरा भाग म्हणजे वस्तूचाच मूळ रंग. साहजिकच पिवळसर मगावर छापलेल्या छायाचित्रात चेहराही पिवळसर दिसतो.

लेपाची परीक्षा

बाजारात सर्वाधिक खपतो तो ११ औंसांचा, म्हणजे सुमारे ३२५ मिलिलिटरचा पांढरा मग. त्याचा व्यास साधारण ८२ मिलिमीटर आणि उंची ९५ मिलिमीटर असते. विक्रेते ‘ए ग्रेड’, ‘ट्रिपल ए’ अशी बिरुदे लावून तो विकतात. ही प्रतवारी कोणत्याही सरकारी मानकानुसार केलेली नसते. एका दुकानातला ‘ट्रिपल ए’ दुसऱ्या दुकानातल्या ‘ए’ मगापेक्षा हलका निघू शकतो. म्हणून खोक्यावरील शिक्क्यापेक्षा स्वतः घेतलेली परीक्षा महत्त्वाची ठरते.

मोठी खरेदी करण्यापूर्वी त्याच मालातील पाच-सहा नमुने आणून त्यांवर छायाचित्र न छापता गडद काळ्या आणि करड्या रंगाचे पट्टे छापावेत. रंगीबेरंगी छायाचित्रात लपणारे दोष सपाट रंगात उघडे पडतात. लेप फवारताना राहिलेली सुईच्या टोकाएवढी छिद्रे, धुळीचे कण, कडेला जमलेला थेंब हे सारे अशा पट्ट्यांत स्पष्ट दिसते. मगाच्या कानाजवळ आणि काठाला रंग फिका पडत असेल, तर मगाचा घेर एकसारखा नसण्याची शक्यता असते. हीट प्रेसचा पट्टा जेथे नीट टेकत नाही तेथे उष्णता कमी पोहोचते. व्हर्नियर कॅलिपरने वरचा, मधला आणि खालचा व्यास मोजल्यास मगाचा दोष आहे की यंत्राचा, हे पाच मिनिटांत कळते.

त्यानंतर छापलेला मग साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून भांडी घासण्याच्या काथ्याने घासून पाहावा. ग्राहकाच्या स्वयंपाकघरात त्याचे तेच होणार असते. कच्चा भाजलेला लेप असेल तर छपाईच्या वेळी कागद चिकटतो, कडा पसरतात किंवा काही दिवसांत चित्र निस्तेज होते. गरम चहा ओतल्यावर चित्र दाखवणाऱ्या ‘मॅजिक मग’च्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते. त्याच्यावर उष्णतेने रंग बदलणारा आणखी एक थर असतो आणि वेगवेगळ्या खेपांतील मालात बराच फरक आढळतो.

कापडाची जात

कापडाच्या बाबतीत फसगत अधिक सहज होते. तिरुपूर हे देशातील होजिअरीचे मोठे केंद्र. पण त्याची ख्याती प्रामुख्याने सुती टी-शर्टसाठी आहे. उत्तम सुती टी-शर्टवर सब्लिमेशन केले, तर छापताना रंग बरा दिसतो आणि काही धुण्यांतच उडून जातो. सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्र कापडात केवळ पॉलिस्टरचा धागा रंग धरतो, त्यामुळे चित्र फिकट आणि जुनाट दिसते. ग्राहकाने मुद्दाम मागितल्याशिवाय असा परिणाम म्हणजे दोषच.

कापड पूर्ण पॉलिस्टरचे आहे का, हे ओळखण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. शिलाईच्या आतल्या बाजूने एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि जपून काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि शेवटी कडक मणी उरतो. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर कापड मिश्र आहे, असे समजावे.

पॉलिस्टर कापडाचे देशातील मोठे केंद्र सुरत असून भिवंडीच्या यंत्रमागांवरही कृत्रिम धाग्यांचे कापड विणले जाते. क्रिकेट संघांच्या जर्सीसाठी ‘डॉट निट’, ‘इंटरलॉक’ अशा नावांनी विणकामाचे कापड किलोच्या भावाने मिळते. येथे कापडाच्या दर चौरस मीटर वजनाकडे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत जीएसएमकडे, लक्ष द्यावे लागते. किलोचा भाव तोच असला तरी जड कापडातून कमी जर्सी निघतात, आणि फार हलके घेतले तर अंग दिसते. तयार टी-शर्ट घेताना मापांचीही खातरजमा हवी. एका उत्पादकाचा ‘लार्ज’ दुसऱ्याच्या ‘मीडियम’एवढा असतो आणि मंडळाच्या मागणीत दोन उत्पादकांचा माल मिसळला, की तक्रारींना सुरुवात होते.

माल येतो कोठून

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट, मशीद बंदर हा परिसर आणि दिल्लीत सदर बाजार ही भेटवस्तूंच्या घाऊक व्यापाराची जुनी ठिकाणे आहेत. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे सिरॅमिकची भांडी बनतात. तरीही लेप दिलेल्या कोऱ्या मालाचा मोठा भाग चीनमधून येतो. घाऊक व्यापारी आणि संकेतस्थळावरील विक्रेता हे अनेकदा एकाच आयातदाराचा माल वेगवेगळ्या भावाने विकत असतात. त्यामुळे विक्रेत्याला भावाआधी दोन प्रश्न विचारणे हिताचे ठरते : हा माल कोणाकडून येतो, आणि पुढच्या महिन्यात हाच मिळेल का?

परदेशातून थेट माल मागवण्याचा मोह अनेकांना होतो. संकेतस्थळावर दिसणारा प्रतिनगाचा भाव खरोखर आकर्षक असतो. परंतु त्यात जहाजाचे भाडे, विमा, सीमाशुल्क, आयातीवरील जीएसटी, क्लिअरिंग एजंटचे शुल्क, बंदरापासून गाळ्यापर्यंतची वाहतूक आणि वाटेत फुटणारे नग धरलेले नसतात. आयातीसाठी परदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक लागतो तो वेगळाच. मग हा जड, नाजूक आणि स्वस्त माल असल्याने कमी नगांवर हा सारा खर्च परवडत नाही. धोरणेही बदलतात. चिनी सिरॅमिक टेबलवेअरवर भारताने २०१८ मध्ये अँटी डम्पिंग शुल्क लावले. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन बंधनकारक करण्याचा निर्णय झाला. बाटल्यांची मोठी खरेदी करताना प्रमाणनाची विचारणा करणे म्हणूनच आवश्यक आहे, कारण कंपन्यांचे खरेदी विभाग ती करतातच.

स्वस्त मगाचे गणित

दोन विक्रेत्यांचे भाव ताडून पाहताना खरेदीचा भाव नव्हे, तर विक्रीयोग्य नगाचा भाव काढला पाहिजे. समजा, एका विक्रेत्याचा मग ७० रुपयांना आणि दुसऱ्याचा ८० रुपयांना आहे, आणि दोघांच्याही खोक्यात ३६ मग येतात. पहिला खोका २५२० रुपयांना पडला. त्यातील दोन मग फुटलेले आणि पाच लेपातील दोषामुळे वाया गेले. उरलेल्या २९ मगांचा भाव प्रत्येकी सुमारे ८७ रुपये झाला. दुसरा खोका २८८० रुपयांचा. त्यातील एकच मग वाया गेला, तर ३५ मगांचा भाव प्रत्येकी सुमारे ८२ रुपये पडतो. म्हणजे दहा रुपयांनी महाग वाटलेला मग प्रत्यक्षात पाच रुपयांनी स्वस्त ठरला. वाया गेलेल्या नगांवर खर्च झालेला कागद, शाई, वीज आणि वेळ यात धरलेलाच नाही.

कराचा हिशेबही याच टप्प्यावर करावा लागतो. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्यास खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकास ती मिळत नाही. एक भाव करासह आणि दुसरा कराविना असेल तर त्यांची तुलना फसवी ठरते. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले नाही, तर खरेदीदाराची वजावटही अडकते. कच्च्या चिठ्ठीवर मिळणारी सूट म्हणूनच अनेकदा महागात पडते; शिवाय सदोष माल परत करायला गेल्यावर हातात पुरावा राहत नाही.

साठा, हंगाम आणि पावसाळा

किती माल भरून ठेवावा, याचे उत्तर वस्तूनुसार बदलते. पांढरा मग वर्षभर खपतो, त्याचा साठा अडत नाही. मोबाइलच्या कव्हरांचे तसे नाही. नवे मॉडेल आले की जुन्याची मागणी घसरते आणि कप्प्यात पडलेली कव्हरे म्हणजे अडकलेले भांडवल होते. अशा वस्तू मागणी आल्यावरच, थोड्या महाग मिळाल्या तरी, घेणे शहाणपणाचे.

हंगामाचा अंदाज आधी बांधावा लागतो. गणेशोत्सव आणि दिवाळीच्या तोंडावर घाऊक बाजारात चांगला माल संपतो आणि उरलेला चढ्या भावाने विकला जातो. चिनी नववर्षाच्या काळात, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, तेथील कारखाने काही आठवडे बंद असतात आणि त्याचा परिणाम इथल्या पुरवठ्यावर पुढे जाणवतो. २०२० च्या साथीत हा पुरवठाच खंडित झाला आणि २०२१ मध्ये कंटेनरचे भाडे कैक पटींनी वाढले, तेव्हा एकाच पुरवठादारावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे छोट्या व्यावसायिकांनीही अनुभवले. मुख्य पुरवठादार एक आणि पर्यायी किमान एक, ही रचना त्यामुळे उपयुक्त ठरते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात साठवणीचा प्रश्न वेगळाच असतो. एमडीएफच्या किचेन आणि फोटोफ्रेम ओल धरून फुगतात. छपाईचा कागद दमट झाला की चित्रावर डाग पडतात. माल जमिनीपासून वर, बंद पिशवीत ठेवणे आणि कापड छपाईपूर्वी काही सेकंद नुसतेच दाबून त्यातील ओलावा घालवणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येक खेपेचा पुरवठादार, तारीख, भाव, वाया गेलेले नग आणि चांगला निकाल देणारे तापमान व वेळ यांची नोंद साध्या वहीत ठेवली, तरी सहा महिन्यांत ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह मार्गदर्शक होते. नवी खेप आली की विक्रेता तोच असला तरी पहिला मग चाचणीसाठी खर्ची घालावा. शंभर मगांची मागणी घेतल्यानंतर, सुपूर्द करण्याच्या आदल्या रात्री लेपाचा दोष उघड झाला, तर नुकसान केवळ मगांच्या किमतीएवढे राहत नाही. तो ग्राहक पुन्हा येत नाही, आणि तोंडी शिफारशीवर चालणाऱ्या छोट्या धंद्याला ते परवडत नाही.