टिबुकलीची पिसे आणि साबणाचे पाणी

देहूरोडच्या उत्तरेस इंद्रायणी, दक्षिणेस पवना. अशा नद्यांच्या संथ डोहांत टिबुकली राहते. शेपूट नसल्यासारखा हा इवलासा पक्षी चाहूल लागताच बुडी मारतो. घरटेही पाण्यावरच, पाणवनस्पतींचे, तरंगते! अंडी सोडून जाताना टिबुकली ती ओल्या शेवाळाने झाकून ठेवते.

अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले. असा फेस मुख्यतः अपमार्जकांमुळे, म्हणजे धुण्याच्या पावडरीत असतात तशा द्रव्यांमुळे, धरतो. फेस वाऱ्यावर उडाला की आपण तो विसरतो.

एक प्रयोग करून पाहा. कोंबडीच्या गळलेल्या पिसावर साध्या पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा गोल राहील. आता त्याच पाण्यात थोडी पावडर विरघळवून थेंब टाका. तो पसरेल, पीस भिजेल. असे का व्हावे? स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण 25 अंश सेल्सिअसला दर मीटरला सुमारे 0.072 न्यूटन असतो. पुरेसे अपमार्जक मिसळल्यास तो निम्म्याहूनही खाली येतो. पिसांच्या तंतूंमधील फटींत पाणी शिरत नाही ते या ताणामुळे. आत अडकलेली हवा पक्ष्याला तरंगवते आणि उबदार ठेवते. ती हवा गेली, की अंडी उबवायची ऊब स्वतःचे अंग राखण्यातच खर्च होणार!

पावसाळ्यात नदीला पाणी चढले की अपमार्जके विरळ होतात. पण विरळ झालेले प्रत्येक रसायन निरुपद्रवी होते, असे नाही. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक सरोवरात चिलटे मारण्यासाठी 1949, 1954 आणि 1957 साली डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी टाकले गेले. पाण्यातील प्रमाण दहा लाख भागांत अवघे 0.02 भाग. परंतु डीडीडी पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत मात्र साठते. प्लवकांतून माशांत, माशांतून पक्ष्यांत असे चढत ते ग्रीब या टिबुकलीच्या भाऊबंदांच्या चरबीत 1,600 भागांवर पोचले. गुणोत्तर काढा: 80,000 पट! हजारावर जोड्या होत्या, त्यांतल्या सुमारे तीस उरल्या. आणि कित्येक वर्षे त्यांना जवळजवळ पिलेच झाली नाहीत.

भारतात शेतीसाठी डीडीटीवर 1989 साली बंदी आली.

तुमच्या गावच्या तळ्यात टिबुकलीचे घरटे दिसले, तर काठावरूनच पाहा आणि पिले किती निघतात ते तारखेसह वहीत टिपा. जवळ मात्र जाऊ नका. टिबुकली घाबरून अंडी न झाकताच बुडी मारते, आणि कावळा टपलेलाच असतो.