लाल कॅलिपरची भुरळ

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याने जुनी माझदा मियाटा घेतली आहे, 1996 सालची, दोन सीटची, टप उघडणारी. अशा गाड्या घेऊन तिकडे हौशी मंडळी लगुना सेकासारख्या ट्रॅकवर जातात, पैसे भरतात आणि दिवसभर मनसोक्त पळवतात. हाही गेला. पाचव्या-सहाव्या फेरीला ब्रेकचं पेडल मऊ लागलं आणि वळणापाशी पाय जवळजवळ तळाला टेकला. सुदैवाने पुढे मोकळी माती होती. त्याच रात्री त्याने मला खरेदीची यादी पाठवली: सहा पिस्टनचे लाल कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे चिमटे), भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क, स्टीलच्या जाळीचे होज. खाली प्रश्न, "मामा, एवढं बसवलं की गाडी जागच्या जागी थांबेल ना?"

ब्रेकच्या चाचण्यांमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीत एक गैरसमज दिसत होता, आणि ते एकट्या भाच्याचे नाहीत.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की मोठे ब्रेक लावले की गाडी कमी अंतरात थांबते. ब्रेक चाकाला अडवतो. गाडीला अडवते ती टायर आणि रस्ता यांच्यामधली पकड. पेडल दाबल्यावर चाकं लॉक होत असतील किंवा एबीएस पायाखाली थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीला आधीच पुरून उरली आहे. त्यापुढे डिस्क परातीएवढी केली तरी टायरला ते कळणार नाही. चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर ताशी 100 किलोमीटरवरून थांबायला साधारण 40 मीटर लागतात. त्या मियाटाच्या पुढच्या डिस्क मूळच्या 255 मिलिमीटरच्या आहेत, आणि एकदा थांबायला त्या पुरेशा आहेत. ते 40 मीटर कमी करायचे असतील तर टायर बदलावे लागतात.

मग मोठे ब्रेक कशाला? पुन:पुन्हा थांबायला. ब्रेकचं काम शेवटी वेगाची उष्णता करणं एवढंच. हजार किलोची गाडी 100 च्या वेगावरून थांबवली की जी उष्णता तयार होते, तिच्यात सव्वा लिटर साधं पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. ट्रॅकवर हे दर मिनिटाला दोन-तीनदा होतं आणि मधल्या वेळात डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. जाड, मोठी, आतून पोकळ पन्हाळी असलेली डिस्क ही उष्णता जास्त पेलते आणि लवकर हवेत सोडते. मोठ्या ब्रेकचे पैसे आपण मोजतो ते यासाठी: पहिल्या फेरीला जसा ब्रेक लागला तसाच विसाव्या फेरीला लागावा.

1953 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने जिंकली, चारही चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून. इतर गाड्यांचे ड्रम ब्रेकही पहिल्या तासात झकास लागत होते. पण लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला दर फेरीत गाडी आवळायची, आणि तेही दिवसरात्र, म्हटल्यावर ड्रम तापून ढिले पडत आणि चालकांना आधीपासून ब्रेक दाबत यावं लागे. जॅग्वारवाले उशिरा दाबत राहिले.

आपल्याकडे ट्रॅक फारसे नाहीत, पण घाट आहेत. महाबळेश्वर 1,353 मीटर उंचीवर आणि पोलादपूर घाटाच्या पायथ्याला. उतरण 1,200 मीटरची धरली, तर हजार किलोची गाडी नुसत्या ब्रेकवर खाली आणणं म्हणजे तिला 100 च्या वेगावरून तीस वेळा थांबवण्याइतकी उष्णता. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, पण मुख्य भार कोणी घ्यायचा? म्हणून जुने एसटी ड्रायव्हर सांगत आले, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. फुकटात याहून चांगली ब्रेक-सुधारणा मला माहीत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आता भाच्याच्या मऊ पेडलाकडे. ब्रेक गेला म्हणजे काय गेलं, हे पायाला विचारावं. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेबाहेर तापले. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय नुसता वाफ दाबत बसतो.

गॅरेजमध्ये सगळे त्याला ऑइल म्हणतात, पण डॉट 3 किंवा डॉट 4 म्हणून जे मिळतं ते तेल नव्हे. ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन, आणि पाणी शोषून घेणं हा त्याचा स्वभाव. होजच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून हवेतला ओलावा त्यात हळूहळू मुरतो. डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरा असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो 155 पर्यंत आला तरी मानकात बसतो. म्हणजे पातळी जागेवर, गळती नाही, रंगही ठीक, आणि तरी ऑइल म्हातारं झालेलं. "कमी झालं नाही तर बदलायचं कशाला?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता उत्तर देताना आवाज चढतो. साध्या गाडीत दर दोन वर्षांनी बदलावं; ट्रॅकवर जाणाऱ्याने त्याआधीच, आणि 300 अंशांपुढे उकळणारं घ्यावं. कोकणात, जिथे जूनपासून उशीसुद्धा दमट होते, तिथे दोन वर्षांपलीकडे थांबूच नये. आणि डॉट 5 म्हणजे डॉट 4 ची पुढची पायरी समजून टाकीत ओतू नये. ते सिलिकॉनचं असतं, डॉट 3 किंवा डॉट 4 मध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 मात्र ग्लायकॉलच्याच घरातलं. नावं ठेवणाऱ्याला कोणीतरी विचारायला हवं होतं.

भाच्याला विचारलं, तुझं ऑइल केव्हाचं? "गाडी घेतली तेव्हाचंच असेल." त्याआधी किती वर्षं होतं, देव जाणे.

पिस्टन जितके जास्त तितका ब्रेक जोरकस, हा यादीतला दुसरा मोठा समज. हिशेब करून पाहू. साध्या सरकत्या कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो. तो 54 मिलिमीटर व्यासाचा असेल तर क्षेत्रफळ सुमारे 22.9 चौरस सेंटिमीटर. चार पिस्टनच्या कॅलिपरला दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात. ते 38 मिलिमीटरचे असतील तर एका बाजूची बेरीज सुमारे 22.7. हिशेबात धरायची ती एकच बाजू, कारण दुसरी बाजू फक्त तितकाच उलटा जोर देते. सरकत्या कॅलिपरमध्ये तेच काम त्याचा सांगाडा करतो. आकडे सारखेच आले, म्हणजे आवळही सारखीच. जास्त पिस्टनचा फायदा आहे, पण तो निराळा: पॅड सगळीकडून सारखा झिजतो, आणि कॅलिपर कमी ताणला जात असल्याने पेडल नेमकं लागतं.

एकूण क्षेत्रफळच वाढवलं तर? तर जोर वाढतो, आणि खरी गडबड तिथे सुरू होते. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं. पेडलचा जोर ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल लांब जातं. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो. मियाटाचं वजन उभी असताना पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. करकचून ब्रेक मारला की दहापैकी सातएक भाग पुढच्या चाकांवर येतो. कंपनीच्या अभियंत्यांनी त्या हिशेबाने पुढे किती, मागे किती हे ठरवलेलं असतं. आपण फक्त पुढचे कॅलिपर राक्षसी केले तर पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि मागच्या टायरची पकड वापराविना राहते. गाडी पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. हजारो डॉलर खर्चून थांबण्याचं अंतर वाढवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकालाही ते पटलं नाही, कारण पेडल आता "जबरदस्त" लागत होतं. मागे जोर वाढवला तर आणखी वाईट. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

डिस्कला भोकं पाडायची पद्धत आली ती जुन्या पॅडमधून तापल्यावर निघणारा वायू बाहेर जावा म्हणून. आजचे पॅड तेवढा वायू सोडत नाहीत. पावसात पाणी निघून जायला भोकं बरी, वजनही थोडं कमी होतं; पण ट्रॅकच्या तापात बिडाच्या डिस्कला पहिली चीर जाते ती बहुधा भोकाच्या कडेपासून. शर्यतवाले म्हणूनच चरे पाडलेल्या डिस्क पसंत करतात. स्टीलच्या जाळीच्या होजने पेडल टणक होतं, अंतर कमी होत नाही. जुने रबरी होज फुगत असतील तर जरूर बदलावेत.

"डिस्क वाकडी झाली" हे निदान तर इतकं रुळलंय की मेकॅनिक गाडीखाली न जाताच सांगतो. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की डिस्क लेथवर चढते. फोर्ड जीटी 40 च्या मोहिमेत काम केलेले अमेरिकन अभियंते कॅरल स्मिथ यांनी यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे: बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा थर कमी-जास्त चिकटलेला असतो. नवे पॅड नीट रुळवले नाहीत, किंवा लालबुंद ब्रेक असताना सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलं, की असा शिक्का उमटतो. म्हणून नवे पॅड घातल्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, सात-आठदा दमदार ब्रेक मारून मग दाबाविना थंड होऊ द्यावेत.

शर्यतीचे पॅड रोजच्या वापरात घालू नयेत, एवढंही सांगून टाकतो. तापल्याशिवाय ते धड पकडत नाहीत, आणि ऑफिसला जाताना पहिल्याच सिग्नलला ते गारच असतात.

भाच्याने शेवटी ताजं ऑइल घातलं, ट्रॅकचे पॅड वेगळे ठेवले आणि उरलेल्या पैशात टायर घेतले. पुढच्या खेपेला दिवसभर पेडल जागेवर राहिलं. आपल्याकडे अॅक्सेसरीच्या दुकानात कॅलिपरवर चिकटवायची लाल प्लास्टिकची टोपी मिळते, हवा अडवणारी; तसलं काही करू नकोस म्हणून मी त्याला बजावलं होतं. त्याने लाल रंगाचा डबा आणलाय. उष्णता सोसणारा आहे का, विचारलं. आहे म्हणाला. मग लाव म्हटलं.