शाळा नव्याने मांडायची, तर कुठून?

दहावीचा निकाल लागला की ‘शिक्षणपद्धत मुळापासून बदला’ अशी हाकाटी सुरू होते. कर्नाळ्याच्या परिसरात, पनवेलच्या इमारती मागे टाकून कातकरी आदिवासींच्या वाड्यांकडे वळलं, की या मागणीमागचे काही समज डळमळू लागतात.

गैरसमज: कातकरी पालकांना शिकवायचंच नसतं.

रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती अख्ख्या घराने फेडायची. मूल मागे ठेवायचं कुणाकडे? शाळा मात्र जूनमध्ये उघडते आणि एप्रिलमध्ये परीक्षा घेते. ऐन अभ्यासाच्या महिन्यांत मूल भट्टीवर, आणि हजेरीपटावर ‘गैरहजर’. अनास्थेचा शिक्का आपण मारतो. तारखा जुळत नाहीत, हे कुणी बोलत नाही.

तारखा आणि जागा बदलता येतात, हे ठाणे-पालघरच्या पट्ट्यात करून दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथेच धडे. पुढे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. मुळापासून विचार म्हणतात तो हा. इमारत, गणवेश, घंटा या गोष्टी आधी गृहीत न धरता मुलाचा दिवस कसा जातो ते पाहायचं.

2009च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेण्याची आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद केली आहे. कागदावर वाट आहे.

गैरसमज: हाताने करत शिकणं हे परदेशी खूळ.

ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम मांडली गेली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला: सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण, मध्यभागी एखादा हस्तोद्योग. सूत काढताना लांबी-वजनाचं गणित, कापसावरून शेती आणि भूगोल. मुलाचा मजूर होईल, ही तेव्हाची शंका रास्तच होती. आता 2020चं राष्ट्रीय धोरण सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला सुचवतं. दहाच का, हे मला कळलेलं नाही.

गैरसमज: अभयारण्यात सहल नेली की निसर्गशिक्षण झालं.

कर्नाळा 1968पासून पक्षी अभयारण्य आहे. पण रांगेत चालत, गोंगाट करत पक्षी दिसत नाहीत. एकाच झाडाशी महिन्यामहिन्याला जाऊन नोंद ठेवली, तरच निरीक्षण घडतं. ते जवळच्या वाडीतल्या शाळेला फुकटात जमेल, लांबून बस भाडं भरून येणाऱ्या शाळेला नाही.

गैरसमज: ‘नापास करू नका’ म्हणजे परीक्षाच नको.

‘नापास करू नका’ सांगणाऱ्या त्याच 2009च्या कायद्याने सातत्यपूर्ण मूल्यमापन बंधनकारक केलं होतं. 2019च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, तीही फेरपरीक्षेची संधी दिल्यावरच. मात्र रोज कोण काय शिकलं, हे टिपायला शिक्षकाला वेळ हवा. पट साठपर्यंत असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता.