आधी स्वतःच्या दंडात

१० जानेवारी १८९७. मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. तीही तब्बल १० घनसेंटिमीटर! ताप चढला, पण ते तरले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी चाचणीसाठी पुढे आले. मात्र कैद्याचा होकार कितपत मोकळा, हा प्रश्न आजचे नियम गांभीर्याने घेतात, आणि ते योग्यच आहे.

कारण होकार गृहीत धरला की विश्वास तुटतो. आंध्र आणि गुजरातमधला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावासाठीच्या एचपीव्ही लशीचा मुलींवरचा अभ्यास २०१० मध्ये थांबवावा लागला. वसतिगृहातल्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या होत्या.

तरीही २०२०-२१ मध्ये कोव्हॅक्सिन या कोविड लशीच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सुमारे २५,८०० स्वयंसेवकांनी दंड पुढे केला.

चाचणीत भाग घ्यायचा विचार असेल, तर संमतिपत्र आपल्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळते. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं.